बाबांचा नाताळ

'नाताळ' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो मूळचा पोर्तुगीज आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्या गावातली ज्यांनी जन्मात चर्च पाहिलेलं नाही अशी म्हातारी माणसंसुद्धा डिसेंबर उजाडला की 'नाताळात मुंबईची पाव्हणं यायची हायेत' असं म्हणतात. 'ख्रिसमस' हा शब्द टीव्हीबरोबर आला, नाताळ त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरात आहे. फादर थॉमस स्टीफन्सनं येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत बांधली आणि ते 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापलं गेलं, म्हणजे शिवाजीमहाराजांच्याही जन्माआधी. तेव्हा हा सण परका आहे असं निदान मराठी भाषेला तरी म्हणता येणार नाही.

आमच्या घरातला नाताळ मात्र पुस्तकातून आलेला नव्हता. तो बाबांच्या ट्रंकेतून यायचा.

बाबा १९६८ साली, एकविसाव्या वर्षी, गिरणीत लागले. आधी बदली कामगार, मग साचाखात्यात कायम. आमचं गाव कराडपासून एसटीनं पाऊण तासावर. गणपतीला किंवा दिवाळीला ते गावी येत, पण दोन्हीला रजा मिळेलच याचा भरवसा नसे. नाताळाचा म्हणून मात्र एक डबा दरवर्षी ठरलेला. मुंबईहून कुणी गावकरी येणार असला की त्याच्या हाती तो डबा यायचा आणि त्यात शंखासारखी वळलेली गोड, कुरकुरीत कुलकुलं असायची. आई त्यांना 'शंकरपाळ्याची चुलत भावंडं' म्हणायची. ती कोण करतं, कुठून येतात, हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही. मुंबईत मिळतात एवढं उत्तर पुरेसं होतं.

१९८२ नंतर डबा यायचा थांबला, कारण बाबाच घरी आले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही. शिमग्याला बाबा ट्रंक घेऊन गावी आले, ते 'पंधरा दिवसांत मिटेल' असं म्हणत. पुढच्या वर्षी एकदा जाऊन विचारून आले. गेटवर 'नंतर या' म्हणून सांगितलं. ते 'नंतर' अजून यायचं आहे. त्या गिरणीचं नाव मी इथं लिहीत नाही, तशा पुष्कळ होत्या. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. बाबा शेतात रमले, निदान रमल्यासारखे दिसले, आणि मुंबई हा विषय घरात बंद झाला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायचे होते तेव्हा दोनदा ते गेले. स्टेशन, कचेरी आणि परत.

म्हणून २०२३ च्या डिसेंबरात मुलांनी नाताळच्या सुट्टीत मुंबईला जायचा हट्ट धरला आणि बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मीबी येतो," तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "जावा तुम्ही. म्हशीला कोण बघणार?" आणि तिनं भाकरी-चटणीची पुरचुंडी बांधून दिली. शुक्रवारी रात्री कराडला महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. बाबा, मी, सौ., तेरा वर्षांची थोरली आणि नऊ वर्षांचा धाकटा. मुक्काम लालबागला, माझ्या चुलतभावाच्या दहा बाय अठराच्या खोलीत. त्यांची चार माणसं आणि आमची पाच. असे मुक्काम ज्यांनी केले आहेत त्यांना ती व्यवस्था समजावून सांगायला नको आणि ज्यांनी केलेले नाहीत त्यांना ती समजणार नाही.

मुलांनी यादी केली होती. मॉलमधलं मोठं ख्रिसमस ट्री, डबलडेकर बस, गेटवे आणि म्युझियम. बाबांच्या यादीत एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी गाडी कल्याण सोडेपर्यंत सांगितली नाही. "माझगावला एका घरी जायाचं हाय. रविवारी. नाताळाच्या आदल्या दिशी." कुणाचं घर? "डबा ज्यांच्याकडनं यायचा त्यांचं."

शनिवारी सकाळी बोरीबंदरला उतरलो. बाबा अजून बोरीबंदरच म्हणतात. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १८८७ साली या स्टेशनला तिचं नाव दिलं गेलं, आता ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावानं ओळखलं जातं. बाहेर येऊन घुमटाकडे मान वर करून पाहणाऱ्या धाकट्याला बाबांनी बाजूला ओढलं, कारण मागून माणसांचा लोंढा येत होता. एक्केचाळीस वर्षांनीही त्यांचे पाय ती गर्दी विसरले नव्हते.

सामान चुलतभावाकडे पाठवून आम्ही चालतच फोर्टात निघालो. हुतात्मा चौकाजवळ सेंट थॉमस कॅथीड्रल आहे आणि नाताळात मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकानं अर्धा तास काढून ते पाहावं असं मला वाटतं. जेराल्ड आँजियर मुंबईचा गव्हर्नर असताना, सतराव्या शतकात, त्याचा पाया घातला गेला. मग चाळीसएक वर्षं काम रखडलं आणि अखेर १७१८ च्या नाताळच्या दिवशी ते उपासनेसाठी उघडलं. तेव्हा इंग्रजांची मुंबई किल्ल्याच्या तटाच्या आत होती. या चर्चच्या बाजूचा जो दरवाजा होता तो चर्चगेट. तट १८६० च्या दशकात पाडला, दरवाजाही गेला, नाव उरलं. आज लाखो माणसं रोज 'चर्चगेट स्लो' आणि 'चर्चगेट फास्ट' पकडतात, पण ते चर्च कुठलं आणि ते गेट कुठं गेलं हा प्रश्न गर्दीत कुणाला पडणार! आत गार, शांत, भिंतींवर संगमरवरी स्मारकं. ती वाचत गेलं की ध्यानात येतं, इंग्लंडहून आलेली किती पोरसवदा माणसं इथल्या हवेनं आणि तापानं गेली. बाबांनी एका बाकावर बसून टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "ही बी नोकरीलाच आलेली."

डबलडेकरची मात्र निराशा झाली. जुन्या लाल डिझेलच्या डबलडेकर त्याच वर्षी १५ सप्टेंबरला कायमच्या थांबल्या होत्या. विजेवर चालणारी वातानुकूलित डबलडेकर आली, मुलं खूश झाली, पण वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत वारा खात बसायचं जे सुख बाबांनी वर्णन करून ठेवलं होतं ते बंद काचेमुळे मिळालं नाही. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबरच्या अखेरीस गेली होती. बाबांच्या ओळखीची मुंबई जणू आम्ही यायच्या आधी दोन-तीन महिन्यांत सामान आवरून बसली होती.

संध्याकाळी मॉल. हे मी टाळायला बघत होतो, कारण मुलांना माहीत नसलं तरी मला माहीत होतं की तो बाबांच्या गिरणीच्या जागेवर उभा आहे. सौ.नं सुचवलंही की बाबांनी खोलीवर आराम करावा. ते आधीच पायांत चपला घालून उभे होते.

दारात भलंमोठं ख्रिसमस ट्री होतं, चार मजल्यांपर्यंत पोचणारं. वरून कसला तरी फेस बर्फ म्हणून सोडत होते आणि खाली पोरं नाचत होती. कुठून तरी घंटांचं संगीत येत होतं. सांताक्लॉजच्या पोशाखातला एक किडकिडीत मुलगा घामाघूम होऊन चॉकलेटं वाटत होता. दृश्य छान होतं, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. आमची मुलं तर हरखून गेली. बाबा काही वेळ झाडाकडे बघत राहिले, मग वळून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. ते चिमणी शोधत होते. गिरण्या पाडल्या तरी काही ठिकाणी धुराडी शोभेसाठी राखली आहेत, तशी इथं होती, खालून निळा प्रकाश सोडलेली. ती सापडल्यावर बाबांनी तिच्याकडे पाठ केली, हिशेब केला आणि पावलं मोजत पुन्हा आत आले. घड्याळांच्या एका दुकानापाशी येऊन थांबले. "हितं. हितंच आसपास. माझे दोन साचे."

काचेआडची विक्रेती मुलगी नमस्कार करून 'येस सर' म्हणाली. बाबांनीही तिला नमस्कार केला.

त्यांचे पाय दुखायला लागले होते. बसायला जागा नव्हती. मॉलमध्ये बसायचं तर काही विकत घ्यावं लागतं, हे एक मी पाहून ठेवलं आहे. एका खांबाच्या ओट्यावर ते टेकले, तेव्हा गणवेशातला रखवालदार आला. मला वाटलं आता उठवणार. पण तो वाकून म्हणाला, "बैठिए चाचा, कोई पूछे तो बोलना तबियत ठीक नहीं." गोरखपूरकडचा पोरगा. बाबांनी गिरणीतल्या हिंदीत त्याची चौकशी केली. गाव कोणतं, शेती किती, घरी कोण. मग विचारलं, "पाळी कितने घंटे का?"

"बारह, चाचा."

"हमारा आठ का था," बाबा म्हणाले.

एवढंच. तक्रार नव्हती, टोमणा नव्हता, एका कामगारानं दुसऱ्याला दिलेली माहिती होती. पण थोरली शेजारी उभी होती. सरकत्या जिन्यावर तिनं मला विचारलं, "बाबा, आजोबांच्या वेळी आठ तास होते, तर आता बारा कसे? पुढं जायला पाहिजे ना?" दोन मजले खाली येईपर्यंत मला उत्तर सापडलं नाही. रात्री खोलीवर मी तिला नारायण मेघाजी लोखंड्यांबद्दल सांगितलं. गिरणी कामगारांची संघटना त्यांनी १८८४ मध्ये बांधली आणि रविवारची साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मिळवून घेतली. आपण रविवारी निवांत चहा पीत पुरवणी वाचतो त्यामागं तोही एक झगडा आहे. तिनं ऐकून घेतलं. "मग त्या वॉचमनला उद्या सुट्टी असेल?" म्हणाली. उद्या रविवार, तोही नाताळाच्या आदला. मॉलमध्ये वर्षातल्या सगळ्यात जास्त गर्दीचे जे काही दिवस, त्यांतला एक.

रविवारी टॅक्सीनं माझगाव. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ माथारपाखाडी नावाची वस्ती आहे. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की हॉर्न एकदम बंद पडतात. अरुंद गल्ली, लाकडी जिने, कौलं, दारावर टांगलेले कागदी तारे. प्रत्येक घराबाहेर गव्हाणीचा देखावा, त्यात गवत, मातीच्या गाई-मेंढ्या आणि पाळण्याची रिकामी जागा, कारण बाळ मध्यरात्री ठेवायचं असतं. धाकट्याला हे फार आवडलं. आपल्याकडे दिवाळीला पोरं मातीचे किल्ले करतात तसंच हे, असं त्यानं जाहीर केलं आणि एका गव्हाणीत मावळा नाही म्हणून हळहळला.

इथले मूळ रहिवासी म्हणजे ईस्ट इंडियन. नावावरून फसगत होते. ही माणसं बाहेरून आलेली नाहीत. मुंबई, साष्टी, वसई इथलीच, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेली, घरात मराठीचीच एक बोली बोलणारी. गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती कामाधंद्यासाठी मुंबईत येऊ लागले तेव्हा आपलं वेगळेपण दाखवायला यांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव घेतलं. तेही १८८७ सालीच, राणीच्या त्याच समारंभाच्या निमित्तानं. म्हणजे आम्ही आदल्या दिवशी ज्या स्टेशनवर उतरलो त्याचं जुनं नाव आणि या गल्लीतल्या लोकांचं नाव, दोन्ही एकाच वर्षीची. यांच्या लग्नात उंबराचं पाणी आणतात, जुन्या बायका लुगडं नेसत आणि उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत भरतात म्हणून त्याचं नाव बाटली मसाला. आता सांगा, यांतलं आपल्याला अनोळखी काय आहे?

बाबांचा मित्र त्यांच्याच गिरणीत फिटर होता. साचा बंद पडला की त्याला हाक मारायची. साचा बंद म्हणजे कामावर दाम मिळणाऱ्या विणकराची मजुरी बंद, तेव्हा फिटरशी मैत्री असणं फायद्याचं, असं बाबा हसून सांगतात. पहिल्या वर्षी नाताळात हा घाटावरचा पोरगा खानावळीतच जेवणार असं कळल्यावर त्यानं त्यांना घरी नेलं, आणि मग १९८१ पर्यंत एकही नाताळ चुकला नाही. त्या घरी सणाला डुकराचं मटण असायचं. बाबा खात नसत. मित्राची आई त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात कोंबडी शिजवायची आणि ते भांडं वर्षभर इतर कशाला वापरायची नाही. ही गोष्ट बाबांनी आम्हांला टॅक्सीत, भायखळ्याच्या पुलावर सांगितली. छप्पन्न वर्षांच्या संसारात आईलाही ती माहीत नसावी.

घर होतं. शेजारची दोन घरं जाऊन तिथं इमारत उभी राहिली होती, पण हे होतं. दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. बाबांनी मित्राचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "भाऊ गेला माझा. पाच वर्सं झाली." बाबा नुसते उभे राहिले. मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, "मी साचाखात्यातला, कऱ्हाडचा," एवढंच म्हणाले. बाईंनी चष्मा वर केला. "कोंबडीवाले?"

पुढचे दोन तास आम्हांला फारसं काम नव्हतं. त्या मित्राच्या धाकट्या बहीण. भावानं संपानंतर शिलाईमशीन दुरुस्तीचं काम केलं, लग्न उशिरा झालं, वहिनीही आता नाही, मुलगा आखातात असतो. बाबांनी विचारलं, "सामंत गेले तेव्हा..." १६ जानेवारी १९९७ ला दत्ता सामंतांची हत्या झाली, तेव्हा भाऊ अंत्ययात्रेला गेला होता, त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस जेवला नव्हता. संप चुकला की नाही यावर दोघांत वाद झाला. त्यांच्या मते माघार घ्यायला हवी होती, बाबांच्या मते घ्यायची तर कुणी, पोरं उपाशी होती ती माघारीनं जेवली असती का? आवाज चढले. सौ. अस्वस्थ झाली. मग बाई उठून आत गेल्या आणि कुलकुलांचा डबा घेऊन आल्या. मी एक तोंडात टाकलं. चव तीच होती. नारळाच्या दुधाची, आणि साखर जरा जास्त.

थोरलीनं कृती विचारली. पीठ नारळाच्या दुधात मळायचं, बोराएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर दाबून सुरळी करायची, तळायची. बाई म्हणाल्या, आता करायला कुणी नसतं, बेकरीतून आणतात. एकट्या माणसानं कुलकुल वळत नाही, चार बायका आणि गप्पा लागतात.

रात्री त्यांच्याबरोबर चर्चला गेलो. मध्यरात्रीचा म्हणतात तो मिस्सा अनेक ठिकाणी आता लवकर होतो, कारण उघड्या पटांगणात रात्री ध्वनिक्षेपकाचे नियम आड येतात. इथंही साडेनऊला सुरू झाला. पटांगणात खुर्च्या, नवे कपडे, पेंगणारी पोरं. प्रार्थना इंग्रजीत, एक गाणं मराठीत झालं. बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवली तेव्हा आमच्या धाकट्यानं 'गणपती बाप्पा' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्याच्या आईनं वेळीच दाबलं. शांतीचा हात द्यायची वेळ आली, तशी आजूबाजूची अनोळखी माणसं बाबांकडे हात पुढे करू लागली. बाबांनी प्रत्येकाला दोन्ही हातांनी हात दिला. त्यांना ते सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी गेटवे, म्युझियम आणि रात्रीची गाडी. म्युझियमविषयी लिहायचं तर वेगळा लेख लागेल, मुलांना एवढंच आठवतं की पाय दुखले.

त्यानंतर नाताळाला जाणं जमलेलं नाही. बाबांचा गुडघा जिने चढू देत नाही. पण महिन्यातून एकदा माझगावला फोन होतो. सुरुवातीला तब्येत, मग पाऊस, आणि मग ठरलेला विषय. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्ज सुमारे दीड लाख आणि घरं त्या मानानं अगदी थोडी. मधे शेलू आणि वांगणीकडे घरं द्यायचं निघालं, आणि घर मुंबईतच हवं म्हणून २०२५ च्या जुलैत म्हातारे गिरणी कामगार आझाद मैदानावर येऊन बसले. बाबांना जायचं होतं, आईनं जाऊ दिलं नाही. कामगार हयात नसेल तर वारसाला हक्क असतो, म्हणून बाईही भाच्यासाठी भावाचा कागद सांभाळून आहेत. "तुमचा लागला का नंबर?" असं त्या विचारतात, "तुमचा?" असं बाबा विचारतात. अजून दोघांचाही लागलेला नाही.